ब्रिजेटच्या वहीतले आकडे: एका ‘फुटकळ’ पुस्तकाचं प्रकरण

१ जानेवारी. वजन ९ स्टोन ३ पौंड, म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न किलो. त्यापुढे दारूचे युनिट, सिगारेटी, कॅलऱ्या, आणि आकड्यांच्या मागेपुढे स्वतःलाच मारलेले शेरे. हेलन फील्डिंग यांची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ अशी उघडते. लंडनमध्ये एकटी राहणारी, प्रकाशनसंस्थेत नोकरी करणारी, तिशी ओलांडलेली एक बाई वर्षभर हिशेब लिहिते आणि तो हिशेब सतत फसतो. पुस्तक म्हणाल तर एवढंच.

बायकांसाठीच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या आणि सिनेमे इतके का आवडतात, असं विचारलं की उत्तरं ठरलेली: करमणूक, स्वप्नरंजन, डोक्याला ताप नाही, शेवट गोड. यातलं काही खोटं नाही, पण हे सगळं कुठल्याही करमणुकीला चिकटवता येतं. म्हणून एकच प्रकरण घेऊन ते जरा उकलून बघावं म्हटलं. ब्रिजेटचं घेतलं, कारण या प्रकाराची लाट आली ती मुख्यतः तिच्या मागून. शिवाय सदर, पुस्तक, सिनेमा, मग पुढचे भाग, असा तिचा तीस वर्षांचा प्रवास आपल्यासमोर आहे. दर वेळी काहीतरी गळलं, काहीतरी बदललं. काय गळल्यावर मजा गेली आणि काय गळूनही फरक पडला नाही, हे बघितलं की आवडीचं मूळ बरंचसं हाती लागतं.

सदर ते सिनेमा

फेब्रुवारी १९९५ मध्ये लंडनच्या ‘द इंडिपेंडंट’ या दैनिकात हे सदर सुरू झालं. फील्डिंगबाईंकडे मागणी होती ती स्वतःच्या एकट्या आयुष्याबद्दल लिहिण्याची. आपलं खासगी आयुष्य असं चव्हाट्यावर मांडायला त्या तयार नव्हत्या, म्हणून त्यांनी एक पात्र उभं केलं. सुरुवातीला सदरावर त्यांचं नावही नसे. नाव झाकलेलं असल्यामुळे लाज उघडी करता आली, आणि ही लाजच पुढे या लेखनाचं भांडवल झाली.

१९९६ मध्ये पिकाडोरने त्याचं पुस्तक काढलं. १९९८ मध्ये त्याला ब्रिटिश बुक ऑफ द इयर हा मान मिळाला, १९९९ मध्ये दुसरा भाग आला आणि २००१ मध्ये सिनेमा. दिग्दर्शिका शॅरन मग्वायर या लेखिकेच्या मैत्रीण, आणि त्यांचा हा पहिलाच सिनेमा. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून केलेल्या या सिनेमाने जगभरात २८ कोटींच्या आसपास कमावले. ब्रिजेट साकारणाऱ्या रेने झेलवेगरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकनही मिळालं, जे विनोदी भूमिकेच्या वाट्याला सहसा येत नाही.

आता गोष्टीकडे. ती उसनी आहे आणि ते कुणी लपवलेलंही नाही. नायकाचं आडनावच डार्सी. जेन ऑस्टेनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा सांगाडा जसाच्या तसा उचललेला: पहिल्या भेटीत तुसडा वाटणारा पण आतून सज्जन नायक, गोडबोल्या पण बेभरवशाचा दुसरा पुरुष, आणि घरच्या भानगडीतून नायकाने गाजावाजा न करता केलेली सोडवणूक. ऑस्टेनच्या कादंबरीत धाकटी बहीण पळून जाते. इथे आई पळते, तीसुद्धा हुलिओ नावाच्या एका पोर्तुगीज भामट्याबरोबर. गंमत म्हणजे सदर चालू असताना, १९९५ च्या शरद ऋतूत, बीबीसीवर याच कादंबरीची मालिका लागली. कॉलिन फर्थने त्यात डार्सी केला होता. ब्रिजेट आणि तिच्या मैत्रिणी त्या मालिकेवर अक्षरशः लट्टू आहेत. पुढे सिनेमातला मार्क डार्सी म्हणून त्याच फर्थला घेतलं, आणि मालिका लिहिणारे अँड्र्यू डेव्हिस सिनेमाच्या पटकथेतही होते.

थोडक्यात, शेवट काय होणार हे वाचणारीला पहिल्या प्रकरणातच ठाऊक असतं. गोड शेवट हेच आकर्षण असेल तर तो १८१३ पासून उपलब्ध होता. तरी हे पुस्तक विकत घेतलं गेलं, मैत्रिणीमैत्रिणींत फिरलं, पुन्हा पुन्हा वाचलं गेलं. शेवट ठरलेला असण्याचा एक फायदा मात्र निश्चित होतो. पुढे काय होईल ही धाकधूक नसते, त्यामुळे वाचणारी निवांतपणे रोजच्या बारीकसारीक गोष्टींकडे बघू शकते. आणि या पुस्तकात पाहण्यासारखं जे आहे ते तिथेच.

ऑस्टेनच्या मुलींपुढचा लग्नाचा प्रश्न पोटापाण्याचा होता. बापाची मालमत्ता दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार, लग्न झालं नाही तर डोक्यावर छप्पर राहील याची खात्री नाही. ब्रिजेटला स्वतःचा पगार आहे आणि स्वतःचा फ्लॅट आहे. तिचं काहीही अडलेलं नाही. तरी काळजी तीच, तितकीच, रोजची. कारण गेलं आणि भीती मात्र जागच्या जागी राहिली. फील्डिंगबाईंनी नेमकी ही जागा पकडली आणि त्या बिनबुडाच्या भीतीला रोजकीर्दीत लिहायला बसवलं.

वहीत काय आहे

पुस्तकाच्या आरंभी नव्या वर्षाच्या संकल्पांची यादी आहे. काय करणार नाही आणि काय करणार, अशा दोन भागांत. त्यातला एक संकल्प असा: बॉयफ्रेंड नाही म्हणून कुढत बसणार नाही, त्याऐवजी पुरुषावाचून काही अडत नाही अशी स्वयंपूर्ण, भारदस्त, शांत बाई होणार, कारण बॉयफ्रेंड मिळवण्याचा तोच उत्तम मार्ग आहे. एकाच वाक्यात स्वावलंबनाचा धडाही आहे आणि त्याला लावलेला सुरुंगही. मासिकांमधल्या आत्मविश्वासाच्या लेखांचा अख्खा धंदा या एका वाक्यात उघडा पडतो, आणि तोही तक्रारीचा सूर न लावता. आपण मासिकांच्या संस्कारात वाढलो, सुपरमॉडेलांनी आणि प्रश्नमंजूषांनी आपली वाट लावली, हे ब्रिजेट स्वतःच सांगते. तिला सगळं कळतं. कळून काही वळत नाही, आणि विनोद तिथून निघतो.

दुसरा प्रसंग एप्रिलमधला, आणि मला वाटतं पुस्तकाचा कणा तोच आहे. ब्रिजेटचं वजन ८ स्टोन ७ वर येतं. म्हणजे सुमारे ५४ किलो. याच आकड्यासाठी ती अठरा वर्षं झुरत असते. ती ऐटीत पार्टीला जाते. आणि होतं काय? बरं नाही का, दमलीस का, अशी चौकशी सुरू होते, आणि एक मित्र तर सरळ म्हणतो की तू आधीच जास्त बरी दिसायचीस. घरी येऊन ती सुन्न होते. अठरा वर्षांचं कॅलऱ्यांचं गणित, कुठल्या पदार्थात किती हे तोंडपाठ, आणि उत्तर आलं तेव्हा ते कुणाला नकोच होतं! दुसरी एखादी लेखिका इथे थांबून चार उपदेशाच्या ओळी लिहिती झाली असती. फील्डिंगबाई पुढच्या नोंदीत पुन्हा वजन लिहून मोकळ्या होतात.

वर्षअखेरीचा ताळेबंदही असाच. वाढलेलं वजन आणि घटलेलं वजन जवळपास सारखंच, पाळलेला संकल्प एक. आणि त्यावर स्वतःलाच शाबासकी.

तिसरा प्रसंग नववर्षाच्या मेजवानीतला. ‘मग, प्रेमाबिमाचं काय चाललंय?’ असं आईबापांच्या वयाची माणसं चारचौघांत विचारतात. ब्रिजेटला वाटतं, आपण जाऊन या लग्न झालेल्यांना असं ओरडून विचारतो का, की काय, संसार कसा चाललाय, रात्रीचं अजून जमतं का? हे ती मनात म्हणते. तोंडाने काहीबाही सांगून वेळ मारून नेते. ज्या बाईला हा प्रश्न कधी विचारला गेलाय (आणि कुणाला गेला नाही?) तिला या ओळींवर आलेलं हसू करमणुकीचं नसतं. आपण त्या वेळी जे बोललो नाही ते कुणीतरी आपल्या वतीने वहीत लिहून ठेवलंय, याचं ते हसू असतं.

आता हे हसू नक्की कुणावर? टीकाकारांची अडचण इथेच होते. त्यांना दिसते एक वेंधळी, पिणारी, वजनाच्या मागे लागलेली बाई, आणि वाटतं की लेखिका बायकांचंच हसं करते आहे. पण वही नीट वाचली तर ब्रिजेटचं जगणं फारसं वाईट नाही. जिवाला जीव देणारे मित्र आहेत, नोकरी आहे, फोन केला की तासाभरात कुणीतरी बाटली घेऊन हजर होतं. निळ्या दोऱ्याने भाजी बांधली म्हणून सूप निळं होतं, तरी मित्र खदखदून हसतात आणि मुक्काम ठोकतात. वहीच्या मते मात्र प्रत्येक दिवस नापास. हास्यास्पद ठरते ती ही मोजपट्टी. ज्या मापाने ती स्वतःला मोजते ते माप तिने तयार केलेलं नाही, आणि ते माप कुणाच्याच अंगाला बसत नाही, हे तीनशे पानांत आपोआप दिसून येतं.

याच काळातलं, याच शहरातलं पुरुषाचं उदाहरण शेजारी ठेवलं की हे जास्त स्पष्ट होतं. निक हॉर्नबी यांची ‘हाय फिडेलिटी’ १९९५ मध्ये आली. तिचा नायक रॉब हाही लंडनमध्ये एकटा, प्रेमात फसलेला, आणि त्यालाही याद्या करण्याचा नाद. पण त्याच्या याद्या कसल्या? सर्वोत्तम पाच गाणी, सर्वोत्तम पाच सिनेमे, फार तर सर्वात जिव्हारी लागलेले पाच प्रेमभंग. तो जगाला गुण देतो, आणि ब्रिजेट स्वतःला. दोन्ही पुस्तकं विनोदी, दोन्ही गोड शेवटाकडे जाणारी, आणि तरीही एकाला आधुनिक पुरुषाच्या मनाचा शोध म्हणून वाचण्याची तयारी लोकांनी अधिक सहज दाखवली.

सिनेमाने वहीचं काय केलं

वहीतला आकडा कागदावर आहे तोवर वाचणारी आपलं शरीर त्या जागी ठेवू शकते. ५८ किलो कसे दिसतात हे प्रत्येकीने आपलं आपण ठरवायचं. पडद्यावर ही सोय नाही. तिथे एक विशिष्ट शरीर दाखवावं लागतं. झेलवेगरने भूमिकेसाठी वजन वाढवलं, आणि मग वर्तमानपत्रांनी तिच्या वाढलेल्या आणि नंतर उतरलेल्या वजनाच्या बातम्या चवीने छापल्या. पुस्तकाने ज्या खोडीची टिंगल केली ती खोड पुस्तकाच्याच निमित्ताने जगभर फोफावली. एवढा नेमका उपरोध फील्डिंगबाईंना ठरवूनही रचता आला नसता.

झेलवेगर मूळची टेक्ससची. अस्सल ब्रिटिश भूमिकेला अमेरिकन नटी कशाला, अशी ओरड झाली होती. तयारी म्हणून तिने लंडनच्या पिकाडोरमध्ये, म्हणजे मूळ पुस्तकाच्याच प्रकाशकाकडे, काही आठवडे नाव बदलून काम केलं. तिथे वर्तमानपत्रांची कात्रणं कापण्याचं काम तिच्याकडे होतं, आणि त्यांत तिच्या निवडीवर ताशेरे ओढणारी कात्रणंही असत. हा प्रसंग पुस्तकात शोभला असता.

सिनेमाने बरंच गाळलं. आईच्या भामट्याचं आर्थिक लफडं गेलं आणि डार्सीने केलेली सोडवणूकही त्याबरोबर गेली. त्या जागी दोन पुरुषांची रस्त्यातली बेंगरूळ मारामारी आली. वही मात्र सोडली नाही. निवेदन वहीतलं, आकडे पडद्यावर, आणि कथेची कळही वहीतच. डार्सी तिला सांगतो की तू मला आवडतेस, जशी आहेस तशी. मैत्रिणींना ऐकून विश्वास बसत नाही: बारीक झाल्यावर नाही? हुशार झाल्यावर नाही? प्रेमकथेत नायकाने हजार गोड गोष्टी बोलाव्यात, पण हे वाक्य इतकं लक्षात राहिलं ते त्याच्यामागे कित्येक महिन्यांचे आकडे उभे आहेत म्हणून. त्या आकड्यांशिवाय ते भेटकार्डावरचं वाक्य आहे. शेवटाकडे तो तिची वही वाचतो, त्यात स्वतःबद्दलच्या शिव्या वाचतो, आणि बाहेर जाऊन तिच्यासाठी नवी कोरी वही घेऊन येतो.

२००४ चा दुसरा सिनेमा हे याचं उलटं उदाहरण. थायलंडच्या तुरुंगापर्यंत कथानक ताणलं, धडपडण्याचे प्रसंग वाढवले, आणि समीक्षकांनी त्याची फारशी गय केली नाही. तिथे आपण ब्रिजेटच्या डोक्यात नसतो, समोर बसून तिला पडताना बघत असतो. माणसं तीच, नट तेच, गोड शेवटही तोच. तरी जमलं नाही.

गुलाबी मुखपृष्ठं आणि दोन ज्येष्ठ लेखिका

पुढे प्रकाशकांनी नक्कल सुरू केली आणि नेमकी वरवरची गोष्ट उचलली: मोठं शहर, नोकरी, खरेदी, उंच टाचा, दोन पुरुष. मुखपृष्ठावर चित्रातली सडपातळ मुलगी आणि गुलाबी रंग. या प्रकाराला ‘चिक लिट’, म्हणजे पोरींचं साहित्य, असं लेबल लागलं. हार्लेक्विनसारख्या प्रेमकथांच्या जुन्या पेढीने २००१ मध्ये ‘रेड ड्रेस इंक’ नावाची वेगळी शाखाच काढली. त्यातली काही पुस्तकं चांगली होती, पुष्कळशी ओतीव साच्यातली.

त्याच वर्षी बेरिल बेनब्रिज यांनी या लेखनाला वरवरचा फेस ठरवलं. डोरिस लेसिंग यांनी री ओढली: तरुण बायकांनी या दारू पिणाऱ्या, वजनाची चिंता करणाऱ्या असहाय पोरींपेक्षा आपलं खरं आयुष्य लिहावं. लेसिंगबाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट नोंदवतो. त्यांचं सर्वात गाजलेलं पुस्तक, १९६२ चं ‘द गोल्डन नोटबुक’, वेगवेगळ्या वह्यांत आपलं आयुष्य वाटून लिहिणाऱ्या बाईचं आहे. दोन पुस्तकांची तोलामोलाची तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. पण वहीत स्वतःला तपासणारी बाई हा विषय हलका आहे, असं निदान त्यांनी तरी म्हणायला नको होतं.

एक मात्र खरं, की टीका अगदीच हवेतली नव्हती. ५८ किलोच्या बाईला स्वतःची लाज वाटते हा विनोद सगळ्या जणींपर्यंत विनोद म्हणून पोचला असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कुणीतरी तो आकडा वाचून स्वतःच्या वजनकाट्याकडे गेलीच असेल. डॅनियल क्लीव्हर हा साहेब ब्रिजेटला तिच्या आखूड स्कर्टवरून ऑफिसात संदेश पाठवतो, ती खुशीत उत्तरं देते. पुस्तक त्याकडे निव्वळ छेडछाडीचा गंमतखेळ म्हणून बघतं. आज ती पानं वाचताना हसू घशात अडकतं. आणि हे जग फार अरुंद आहे: गोरं, मध्यमवर्गीय, घराचे हप्ते फेडणं ज्यांना जड नाही अशांचं. वहीची युक्ती कितीही चांगली असली तरी वही कुणाच्या हातात आहे याने फरक पडतो.

डार्सीशिवाय

२०१३ मध्ये तिसरी कादंबरी आली, ‘मॅड अबाउट द बॉय’. पुस्तक दुकानात येण्याआधीच बातमी फुटली की डार्सी मेलेला आहे. ब्रिजेट एक्कावन्न वर्षांची विधवा, पदरात दोन लहान मुलं. वाचक चिडले, हळहळले, वर्तमानपत्रांतून जणू शोकसभा भरल्या. या प्रकारातल्या लेखनाचा जीव नायकात असतो असं मानणाऱ्यांसाठी ही खरी कसोटी होती, कारण नायकच काढून घेतला होता.

वही मात्र चालूच राहिली. तिच्यात नवा रकाना आला: ट्विटरवरचे फॉलोअर, शून्य. वजन आहेच. ज्या वयाच्या बाईकडे प्रेमकथा सहसा ढुंकून बघत नाहीत, त्या वयाची बाई आता कुणी आपल्याला वाचतंय का हे मोजत बसली आहे. १९९६ पेक्षा हे मोजमाप आज कितीतरी जास्त जणींच्या हातात, खरं तर मुठीत आहे. माझ्या मते पहिल्या पुस्तकानंतरची फील्डिंगबाईंची सर्वात अचूक निरीक्षणं या रकान्यात आहेत, जरी पुस्तक एकूण सैल असलं तरी.

त्यावरचा सिनेमा २०२५ मध्ये आला. अमेरिकेत तो चित्रपटगृहांत न लावता थेट स्ट्रीमिंगवर सोडला. ब्रिटनमध्ये मात्र तो पडद्यावर लागला आणि गर्दी झाली. फर्थ त्यात आहे, पण आठवणीतला, दारात क्षणभर दिसणारा. पहिल्या पुस्तकाच्या वेळी तिशीत असलेल्या बायका आता साठीच्या आसपास आहेत. डार्सी नाही हे तिकीट काढण्याआधीच त्यांना माहीत होतं.